७१ वा क्रमांक: पॅरिसमधल्या एका आकड्याची उलटतपासणी

२०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि पदकतक्त्यात भारत ४८ वा आला. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच नीरजने ८९.४५ मीटर फेक केली, म्हणजे जवळपास दोन मीटर जास्त, आणि भारत ७१ वा आला. मधल्या काळात देशाच्या पदकांची संख्या सातावरून सहावर आली होती. एक पदक कमी, तेवीस पायऱ्या खाली. दुसऱ्या दिवसापासून वाहिन्यांवर आणि कट्ट्यांवर एकच वाक्य फिरत होतं: पाकिस्तान एका पदकावर ६२ वा आणि आपण सहा पदकं घेऊन ७१ वे.

वाक्य खरं आहे. त्यातून लोकांनी काढलेले निष्कर्ष मात्र बहुतेक चुकीचे होते, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकीचे होते. ‘सगळं वाटोळं झालं’ म्हणणारेही चुकले आणि ‘तक्ता काय, बिनकामाचाच असतो’ म्हणून हात झटकणारेही. म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून बघू. आकडे सगळे उघड आहेत, फक्त कोणी बसून मांडणी केली नाही.

काय घडलं होतं

पॅरिसला भारताचे ११७ खेळाडू गेले, १६ खेळांत. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य घेतलं, मग सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटात आणखी एक. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. हॉकी संघाने स्पेनला २-१ असं हरवून कांस्य राखलं. नीरजचं रौप्य. शेवटी कुस्तीत ५७ किलो गटात अमन सेहरावतचं कांस्य. एक रौप्य, पाच कांस्य, सुवर्ण शून्य.

शिवाय न मिळालेली पदकं. विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली. संयुक्त रौप्यासाठी तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली, ती फेटाळली गेली. आणि सहा चौथे क्रमांक: १० मीटर एअर रायफलमध्ये अर्जुन बबुता, २५ मीटर पिस्तुलात पुन्हा मनू, तिरंदाजीत धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत, उडत्या तबकड्यांवर नेम धरायच्या स्कीटमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका, बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन, भारोत्तोलनात मीराबाई चानू. स्कीटची जोडी ४३-४४ अशी हरली, एका तबकडीने.

तक्ता कसा लागतो

आपण जो तक्ता बघतो त्यात देश आधी सुवर्णपदकांवर लावतात. सुवर्ण सारखी असली तरच रौप्य बघायचं, रौप्यही सारखी असली तरच कांस्य. शब्दकोशात पहिलं अक्षर ठरल्याशिवाय दुसऱ्याकडे कोणी बघत नाही, तसंच. एका सुवर्णासमोर कितीही रौप्य आणि कितीही कांस्य उभी केली तरी ती खालीच राहतात. हा नियम ऑलिंपिक सनदेने घालून दिलेला नाही. सनद उलट सांगते की स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. तरीही प्रत्येक स्पर्धेत तक्ता झळकतो, आणि तो लावायची पद्धत रिवाजाने पडलेली आहे.

रिवाज म्हटला की सोयीप्रमाणे वाकवणं आलंच. २००८ मध्ये बीजिंगला चीनने सुवर्णांत अमेरिकेला मागे टाकलं, तेव्हा अमेरिकेतली बरीच माध्यमं एकूण पदकांचा तक्ता छापत होती, कारण त्यात अमेरिका वर होती. पॅरिसमध्ये दोघांची सुवर्णं ४०-४० झाली आणि ४४ विरुद्ध २७ रौप्यांवर अमेरिका पहिली ठरली, त्यामुळे या वेळी तो वाद पेटलाच नाही. ब्रिटनची गंमत वेगळी. एकूण ६५ पदकं घेऊन ते त्या मोजणीत तिसरे, पण सुवर्णं १४, म्हणून सुवर्णाच्या तक्त्यात सातवे.

आता तोच तक्ता हलवून बघू

पॅरिसचा अंतिम तक्ता समोर ठेवा आणि भारताच्या ओळीत एकेक बदल करत जा. बाकीच्या देशांची पदकं जशीच्या तशी, फक्त ज्या लढतीचा निकाल बदलला तिथला फरक धरायचा.

पहिला बदल: भालाफेकीत सुवर्ण जिंकणाऱ्या पाकिस्तानच्या अर्शद नदीमची दुसरी फेक, ९२.९७ मीटरची, ऑलिंपिक विक्रमाची, फाऊल गेली असं समजा. त्याने शेवटची फेकही ९१.७९ ची केली होती, तीही बाजूला ठेवा. नीरजला सुवर्ण. भारताची पदकं सहाच राहतात, नीरजची फेकही तीच. क्रमांक? डॉमिनिकन रिपब्लिकच्या वर, ५९ वा. एका परक्या खेळाडूच्या दोन फेकांनी बारा पायऱ्यांचा फरक. भारताच्या क्रीडाव्यवस्थेत त्या रात्री काहीही बदललं नसतं.

दुसरा बदल: विनेशचं वजन मर्यादेत भरलं असतं आणि ती जिंकली असती. एक सुवर्ण, एक रौप्य, पाच कांस्य. ग्रीसच्या लगेच खाली, ५२ वा. लवादाने संयुक्त रौप्य दिलं असतं तर? किरगिझस्तान आणि उत्तर कोरियाच्या वर, ६८ वा. म्हणजे रौप्याने फक्त तीन पायऱ्या.

तिसरा बदल सगळ्यांत बोलका आहे. सहाही चौथे क्रमांक कांस्यात बदला. मीराबाईने कमी पडलेला एक किलो उचलला, महेश्वरी आणि अनंतजीतने ती एक तबकडी फोडली, लक्ष्यने तिसरा गेम घेतला, सगळं मनासारखं झालं. एक रौप्य आणि अकरा कांस्य, एकूण बारा पदकं, भारताच्या ऑलिंपिक इतिहासातली सर्वोत्तम कामगिरी. क्रमांक? ७१. जिथे होता तिथेच. वरच्या लिथुआनियाकडे दोन रौप्य आहेत आणि दोन रौप्यांपुढे अकरा कांस्यांची डाळ शिजत नाही. एकूण पदकांच्या मोजणीत मात्र हाच भारत चाळिशीच्या आसपासून उडी मारून युक्रेन आणि इराणच्या जोडीला, पहिल्या विसांत बसला असता.

उलट्या दिशेनेही करून बघा. स्वप्नीलचं कांस्य पुसून टाका. क्रमांक ७१. त्याच्याबरोबर हॉकीचंही पुसा. तरी ७१, फक्त मोल्दोवा बरोबरीला येतो. स्वप्नीलच्या गावी, कांबळवाडीत, त्या दिवशी गुलाल उधळला गेला त्याची तक्त्यातली किंमत अक्षरशः शून्य.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की स्वप्नीलचा प्रकार तसा कोणाच्या लक्षात येत नाही, पण तो विलक्षण कठीण आहे. एकाच स्पर्धेत तीन शरीरस्थिती: गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून, आणि उभं राहून. शेवटच्या टप्प्यात उभ्याने एकेक गोळी आणि तळाचा नेमबाज एकेक करून बाद. स्वप्नील पात्रता फेरीतून सातवा आला होता. बसून आणि झोपून झालं तेव्हा तो पदकाच्या रांगेत नव्हता. उभं राहिल्यावर, म्हणजे जिथे बहुतेकांचे हात थरथरतात तिथे, तो वर सरकला आणि ४५१.४ वर तिसरा राहिला. या प्रकारात भारताचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून नाशिकला घडलेला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणारा मुलगा. देशाच्या यशाचं माप जर या प्रवासाला शून्य देत असेल, तर ते माप नक्की कशाचं आहे?

ते माप सगळ्यांत वरच्या टोकाचं आहे, इतकंच. जगात एखाद्या गोष्टीत आपण अव्वल आहोत का, या एकाच प्रश्नाला ते उत्तर देतं, आणि प्रश्न वाईट नाही. पण पायाभरणी किती झाली, फळी किती रुंद आहे, हे त्याला विचारूच नये. १९८० मध्ये मॉस्कोला भारताने एकच पदक जिंकलं, हॉकीचं सुवर्ण, आणि तक्त्यात भारत संयुक्त २३ वा होता. बरोबरीला बेल्जियम आणि झिम्बाब्वे, तेही एकेका सुवर्णावर. त्या वर्षी बहिष्कारामुळे हॉकीतले बलाढ्य संघ आलेच नव्हते. २३ हा आकडा ७१ पेक्षा भारी दिसतो, म्हणून १९८० चा भारत खेळात पुढे होता असं कोणी म्हणणार आहे का?

मग एकूण पदकं मोजावीत का

मोजावीत, पण डोळे उघडे ठेवून. पदक म्हणजे पदक हे धरलं तरी प्रत्येक खेळ पदकं सारखी वाटत नाही.

लक्ष्य सेन उपांत्य फेरीत हरला, मग कांस्यासाठी मलेशियाच्या ली झी जियाशी खेळला, पहिला गेम २१-१३ घेऊन पुढचे दोन हरला, रिकाम्या हाताने परत. मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं. चौथा क्रमांक नावाची गोष्टच तिथे नाही. लक्ष्यने तेवढीच मजल रिंगणात मारली असती तर तो पदकवीर म्हणून विमानतळावर हारतुऱ्यांत उतरला असता. कुस्तीतही प्रत्येक गटात कांस्यं दोन. हॉकीत सोळा जण पंधरा दिवस राबतात आणि तक्त्यात पडतो एक आकडा. हॉकीची सुवर्णं सगळ्या ऑलिंपिकमध्ये मिळून दोन, पुरुषांचं आणि महिलांचं. ॲथलेटिक्समध्ये ४८, जलतरण तलावात ३५. फ्रान्सच्या लेऑन मार्शांने एकट्याने चार वैयक्तिक सुवर्णं नेली. जो देश पोहण्यात नाही, तो तक्त्याच्या एका मोठ्या पानावर नाहीच.

लोकसंख्येने भागायची टूम दर चार वर्षांनी येते. भालाफेकीच्या त्याच व्यासपीठावर तिसरा उभा होता ग्रेनाडाचा अँडरसन पीटर्स, ८८.५४ मीटर. त्याच्या देशाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत-बाहेर, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी, आणि पॅरिसमध्ये पदकं दोन. दरडोई हिशेबात ग्रेनाडा जगात सगळ्यांच्या पुढे, भारत तळाशी, तेवीस-चोवीस कोटी माणसांमागे एक पदक. ऐकायला भयंकर. पण ऑलिंपिक प्रवेशाचा नियमच असा आहे की ॲथलेटिक्सच्या एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन खेळाडू, हॉकीत एकच संघ. एकशे चाळीस कोटींचा देश एकशे चाळीस कोटींच्या प्रमाणात उतरूच शकत नाही. दरडोई तक्ता चिमुकल्या बेटांना मुकुट घालायला बरा, मोठ्या देशाचं मूल्यमापन करायला निरुपयोगी.

तरीही सुटका नाही

इथवर वाचून कोणाला वाटेल की हा सगळा भारताच्या बचावाचा खटाटोप आहे. तसं नाही.

उझबेकिस्तान घ्या. लोकसंख्या साधारण पावणेचार कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. दरडोई उत्पन्न भारताच्या फार पुढे नाही. पॅरिसमध्ये आठ सुवर्णं, एकूण १३ पदकं, तक्त्यात तेरावे. त्या आठांतली पाच मुष्टियुद्धाची, उरलेली कुस्ती, ज्युदो आणि तायक्वांदोची. त्यांनी काय केलं हे या यादीतच दिसतं: अंगाला अंग भिडणारे खेळ निवडले, तिथेच सगळी ताकद ओतली. ‘गरीब देशाला जमत नाही’ हे म्हणणं त्यांच्यासमोर टिकत नाही. आपल्या मुष्टियुद्धाच्या पथकातून लवलिना बोर्गोहेन आणि निशांत देव उपांत्यपूर्व फेरीत हरले. एक लढत जिंकली असती तरी कांस्य नक्की होतं. पदक शून्य.

पैशांचंही तसंच. २०१४ पासून पदकाची आशा असलेल्या खेळाडूंना सरकारी पैसा देणारी ‘टॉप्स’ योजना आहे. पॅरिसच्या तयारीवर सरकारी आकड्यांनुसार सुमारे ४७० कोटी खर्च झाले. त्यात ॲथलेटिक्सवर ९६ कोटींच्या आसपास, बॅडमिंटनवर ७२. बॅडमिंटनमध्ये हाती काही लागलं नाही, तेव्हा प्रकाश पदुकोण यांनी उघडपणे सांगितलं की खेळाडूंनी आता जबाबदारी घ्यायला हवी. त्यांच्यावर टीका झाली, पण ७२ कोटी कोणी मोजले आहेत हे विसरून कसं चालेल? ॲथलेटिक्सच्या २९ जणांत पदक एकट्या नीरजचं. बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचला, तिथे अकरावा आला. अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. तक्ता त्याला ओळखत नाही. मी ओळखतो, पण असे साबळे किती, हा खरा प्रश्न आहे.

आणि पदकं येतात कुठून? मनू, सरबज्योत, नीरज, अमन, चौघंही हरियाणाचे. २०११ च्या जनगणनेत हरियाणाची लोकसंख्या अडीच कोटींच्या थोडी वर. अनिरुद्ध कृष्णा आणि एरिक हॅगलंड या अभ्यासकांनी २००८ मध्येच मांडलं होतं की पदकांच्या हिशेबात देशाची सगळी माणसं धरू नका, खेळापर्यंत ज्यांचा हात पोचतो तेवढीच धरा. भारताचं एकशे चाळीस कोटी हे त्या अर्थाने कागदावरचं भांडवल आहे. कराडजवळच्या गोळेश्वरहून निघून खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं, आणि पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. चव्वेचाळीस वर्षं. महाराष्ट्राच्या मातीतल्या वैयक्तिक पदकासाठी तर स्वप्नीलपर्यंत थांबावं लागलं. तालमी होत्या, पैलवान होते, हात मात्र पोचला नाही.

मीराबाईचा निकाल या दोन्ही बाजूंना एकदम लागू पडतो. स्नॅचमध्ये तिने ८८ किलो उचललं, स्वतःच्या सर्वोत्तमाएवढं. क्लीन अँड जर्कमध्ये १११. शेवटच्या प्रयत्नात ११४ मागितलं. ते उचललं असतं तर एकूण २०२, नेमकं तेवढंच जेवढ्यावर टोकियोत तिला रौप्य मिळालं होतं, आणि पॅरिसमध्ये कांस्य नक्की. सुटलं. एकूण १९९, थायलंडची खेळाडू २०० वर तिसरी. याला दुर्दैव म्हणा हवं तर. पण एकाच खेळात एकाच खेळाडूवर सगळा देश एका किलोसाठी डोळे लावून बसतो, हे दुर्दैव नव्हे. तिच्यामागे दुसरी कोणी नव्हती. भारोत्तोलनात पॅरिसला भारताची ती एकटीच.

त्याच महिन्यात, त्याच शहरात

तक्त्याचा सोस असणाऱ्यांनी आणखी एक तक्ता बघायला हवा होता. २८ ऑगस्टला पॅरिसमध्येच पॅरालिंपिक सुरू झालं. भारताचे ८४ खेळाडू, २९ पदकं, सात सुवर्णं, क्रमांक १८. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य घेतलं. रिओत हाच आकडा चार पदकांचा होता, टोकियोत १९. तीन स्पर्धांत चार, एकोणीस, एकोणतीस अशी चढण कोणत्याही देशाने मिरवावी अशी आहे. झेंडा तोच, शहर तेच, महिनाही जवळपास तोच. ७१ वर दोन आठवडे वाद घालणाऱ्यांतल्या किती जणांना तो १८ माहीत होता?

२०२८ ला काय होईल

लॉस एंजेलिसला ट्वेंटी-२० क्रिकेट येतंय, पुरुष आणि महिला दोन्ही, आणि स्क्वॉशही. भारताने क्रिकेटची दोन्ही सुवर्णं घेतली आणि बाकी सगळं पॅरिससारखंच राहिलं असं धरा: तेच एक रौप्य, तीच पाच कांस्य, भारोत्तोलनात तीच एकटी खेळाडू, मुष्टियुद्धात तेच शून्य. पॅरिसच्या तक्त्यात ही ओळ क्युबाच्या लगेच खाली, ३३ व्या क्रमांकावर बसते. अडतीस पायऱ्यांची झेप, आणि ती अशा खेळाच्या जोरावर ज्याला ‘टॉप्स’च्या एका रुपयाची गरज नाही.

तेव्हा मथळे कसे असतील ते आत्ताच सांगता येईल. मी त्या दिवशी तक्त्याच्या आधी चार गोष्टी तपासणार आहे: ॲथलेटिक्समध्ये किती भारतीय अंतिम आठांत आले, मुष्टियुद्धात किती जण उपांत्य फेरीत पोचले, भारोत्तोलनाला किती जण गेले, आणि हरियाणाबाहेरून पदकं किती आली. या चारही जागी पॅरिसचेच आकडे दिसले तर ३३ वा क्रमांक क्रिकेट मंडळाच्या खात्यात टाकावा लागेल.